मित्रदेशांची मीटिंग झाली की जॉइंट स्टेटमेंट कसं वाचायचं

नाटोची (अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती) शिखर परिषद असो नाहीतर अमेरिका-जपानची बैठक, हेडिंग ठरलेलं असतं, 'संबंध आणखी दृढ करण्यावर भर'. यातून काहीच कळत नाही. खरं काय ठरलं ते मीटिंगनंतरच्या जॉइंट स्टेटमेंटमध्ये असतं, ते सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतं आणि वाचायची सवय झाली की कोणालाही कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवं स्टेटमेंट एकटं कधीच वाचू नका. मागच्या मीटिंगचं काढा, दोन्ही शेजारी शेजारी उघडा आणि काय बदललं ते बघा. नाटोत मतदान होत नाही, सगळ्यांची संमती लागते, बऱ्याचदा ड्राफ्ट सगळ्या देशांना पाठवून मुदत दिली जाते आणि त्या वेळेत कोणीच हरकत घेतली नाही तर तो मंजूर. म्हणजे एका देशाला जरी एखादं वाक्य खटकलं तरी ते अडकतं, त्यामुळे जुन्या मजकुरात एखादा शब्द वाढला किंवा गळला असेल तर तो सहसा चुकून झालेला नसतो.

युक्रेनचंच बघा. २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने लिहिलं की युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील, पण कधी ते लिहिलंच नाही, कारण जर्मनी आणि फ्रान्स पुढचं पाऊल टाकायला तयार नव्हते. २०२३ ला विल्नियसमध्ये आलं की युक्रेनचं भविष्य नाटोत आहे, आमंत्रण मात्र सदस्य देशांचं एकमत झालं आणि अटी पूर्ण झाल्या की. २०२४ ला वॉशिंग्टनमध्ये त्या वाटेला 'मागे न फिरणारी' असं विशेषण लागलं, सगळ्या बातम्या त्यावरच झाल्या, पण खाली अटींचं वाक्य जसंच्या तसं होतं. आणि २०२५ ला हेगमध्ये युक्रेनला मदत देत राहू असं आहे, सदस्यत्वाबद्दल एक अक्षर नाही. जुनं वचन मागे घेतलं असंही कुठे म्हटलेलं नाही, पण त्या वर्षी त्यावर लिहायचं टाळलं हे स्पष्ट दिसतं. विल्नियसचं स्टेटमेंट ९० परिच्छेदांचं होतं, हेगचं फक्त ५, म्हणजे लांबीसुद्धा बघायची असते.

उलटही होतं, नवीन वाक्य आत येतं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान सुगा यांच्या स्टेटमेंटमध्ये तैवानच्या सामुद्रधुनीतल्या (चीन आणि तैवानमधला समुद्र) शांततेचा उल्लेख आला, दोन्ही देशांच्या नेत्यांच्या संयुक्त स्टेटमेंटमध्ये तैवान थेट १९६९ नंतर पहिल्यांदा. पण ज्यांनी महिनाभर आधीचं टोकियोतलं टू प्लस टू वाचलं होतं (दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री एकत्र बसतात ती बैठक) त्यांना हे अनपेक्षित नव्हतं, कारण सामुद्रधुनीचं वाक्य तिथे आधीच आलं होतं. म्हणून मंत्र्यांच्या बैठकीचं स्टेटमेंट कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका प्लीज, पुढची चाहूल तिथेच लागते.

आता क्रियापदं. 'करू', 'करण्याचा इरादा आहे', 'सल्लामसलत करू' या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑगस्ट २०२३ ला कॅम्प डेव्हिडमध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने धोका आला की एकमेकांशी तातडीने सल्लामसलत करायचं वचन दिलं, लगेच अनेकांना वाटलं तिघांची लष्करी युती झाली. पण त्याच कागदावर लिहिलंय की यातून आंतरराष्ट्रीय कायद्याने कोणतीही बंधनं तयार होत नाहीत आणि अमेरिकेचे दोघांशी असलेले वेगवेगळे करार तसेच राहतात. नाटोचं कलम ५ तरी काय म्हणतं, एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, पण मदत म्हणून प्रत्येक देश 'त्याला आवश्यक वाटेल ती' कृती करेल, त्यात लष्करी बळ येऊ शकतं, येईलच असं नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालंय, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, अमेरिकेसाठी.

मग आकडा आणि तारीख शोधा. २०१४ ला वेल्समध्ये जीडीपीच्या २ टक्के संरक्षणखर्चाकडे दहा वर्षांत जायचं ठरलं, तेव्हा जेमतेम तीन देश तिथे पोचलेले होते. हेगमध्ये २०३५ पर्यंत ५ टक्के, त्यातले ३.५ थेट संरक्षणावर आणि उरलेले १.५ पर्यंत पायाभूत सुविधा, सायबर वगैरे गोष्टींवर, आढावा २०२९ ला. जिथे आकडा, मुदत आणि आढावा तिन्ही आहेत तिथे नंतर जाब विचारता येतो, बाकी 'सहकार्य वाढवू' छाप वाक्यं भरभर वाचून सोडली तरी चालतील.

काही वेळा जॉइंट स्टेटमेंट निघतच नाही, दोन्ही सरकारं आपापली वेगळी नोट काढतात. तेव्हा दोन्ही वाचा, एकाने लिहिलेलं आणि दुसऱ्याने गाळलेलं जे सापडेल तिथेच बहुतेक मतभेद असतो.

आणि वाचलेलं स्टेटमेंट तेव्हाच डाउनलोड करून ठेवा. अमेरिकेत सरकार बदललं की व्हाइट हाउसच्या साइटवरची जुनी पानं अर्काइव्हमध्ये जातात, जुनी लिंक चालत नाही आणि पुढच्या वेळी शेजारी ठेवून वाचायला नेमकं तेच पान लागतं.