दोन, चार, सहा, आठ... घरी स्किप काउंटिंग (म्हणजे टप्प्याने मोजणं) कसं शिकवायचं

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना "दोन चार सहा आठ दहा" धडाधड म्हणायची, अगदी तालात, आणि आम्हाला वाटलं आलं की हिला. मग एक दिवस समोर 5 बटणं ठेवली आणि म्हटलं दोन-दोनने मोज बघू, तर एकेका बटणावर बोट ठेवत दोन, चार, सहा, आठ, दहा, आणि खुशीत सांगते दहा आहेत! तेव्हा कळलं की तिला गाणं पाठ झालंय, मोजणं अजून यायचंय. तुमचं मूल टप्प्याने आकडे म्हणत असेल तर आधी ही टेस्ट घेऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुरुवात वस्तूंनीच करा, तक्ता वगैरे नंतर. त्याआधी मुलाला 20 पर्यंत एक-एक वस्तूला हात लावून न चुकता मोजता आलं पाहिजे, ते येत नसेल तर थांबा, घाई नाही. येत असेल तर 12 सारख्या वस्तू घ्या, बटणं, ठोकळे, बाटल्यांची झाकणं, काहीही (घरात अजून लहान भावंडं असेल तर मोठे ठोकळेच घ्या, बारीक वस्तू तोंडात जातात). पहिल्यांदा एक-एक मोजू द्या. 12 आले. आता त्याच वस्तू परत, पण दोन बोटांनी दोन वस्तू एकदम सरकवायच्या आणि जोडी सरकली की मगच आकडा म्हणायचा. हे सरकवणं फार महत्त्वाचं आहे, कारण हाताने दोन गेले आणि तोंडातून एकच आकडा आला हे मुलाला स्वतःला जाणवतं, नुसतं बोट ठेवून ते जाणवत नाही.

अडलं तर कुजबुजायचं. "एक" हळू, "दोन" मोठ्याने, "तीन" हळू, "चार" मोठ्याने. मुलांना हे भयंकर आवडतं. काही दिवसांनी हळू आवाजातला आकडा नुसता ओठांवर राहतो आणि मग आपोआप जातो, तो तुम्ही बंद करायला लावू नका.

शेवटी विचारायचंच, "मग किती झाले?" आपल्याला वाटतं 12 च येणार, वेगळं काय येणार, पण लहान मुलाला ही गोष्ट उघड नसते, दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर उत्तरही दुसरं येईल असं त्याला खरंच वाटू शकतं. दोन्ही वेळा 12 आल्यावर त्याला जे आश्चर्य वाटतं ना, ते वाटू द्या.

आणि मग 7 वस्तू ठेवा. दोन, चार, सहा... आणि एक उरली. बरीच मुलं इथे ठोकून देतात "आठ". चूक म्हणायची गरज नाही, फक्त विचारा, आत्ता किती सरकवल्या? एकच. मग सहाच्या पुढे एक, सात. माझ्या मते या उरलेल्या एका बटणाने जेवढं समजतं तेवढं दहा वेळा पाठ म्हणून समजत नाही, सम-विषमची ओळख पण इथेच होऊन जाते.

बसून कंटाळा आला की जमिनीवर खडूने 0 ते 20 आकडे लिहा आणि उड्या. इथे एक चूक हमखास होते, मूल ज्या घरात उभं आहे तेच "एक" धरतं आणि सगळं एकाने चुकतं. म्हणून 0 वर उभं करा आणि सांगा, घर मोजायचं नाही, उडी मोजायची. हे जमलं की मुद्दाम 1 वरून सुरू करा, 1, 3, 5, 7. जे मूल फक्त पाठ म्हणत होतं ते इथे अडतं आणि समजलेलं मूल थोडा विचार करून पुढे जातं.

दोननंतर दहा आणि पाच. दहाचा टप्पा सोपा म्हणतात खरा, पण आपल्या भाषेत चाळीस, पन्नास, साठ, सत्तर हे मुलाला सगळे नवेच शब्द वाटतात, त्यामुळे 10-10 वस्तूंचे गठ्ठे समोर ठेवूनच म्हणा. पाचमध्ये मात्र मराठीची मदत होते. पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, मधला प्रत्येक आकडा "प" ने सुरू होतो! मुलाला ऐकून शोधू द्या, आपण सांगायचं नाही. पाचसाठी हाताचे पंजे आहेतच, आणि घड्याळ. मिनिटकाटा 3 वर असला की पाच, दहा, पंधरा.

100 चा तक्ता आता काढा, एका ओळीत 10 आकडे असलेला. दोनच्या टप्प्याचे आकडे रंगवले की सरळ उभे पट्टे दिसतात, पाचचे दोनच पट्टे, दहाचा एक, आणि तीनचे रंगवले की तिरप्या रेषा. तीन आणि चार तसे अवघड, त्यांना वेळ लागतो, चारसाठी दोनच्या यादीतला एक सोडून एक आकडा घेतला की झालं.

रोज 5-10 मिनिटं पुरे, मूल चुळबुळ करायला लागलं की बंद.

पाढ्यांकडे जायचं तर बोटं वापरा. प्रत्येक उडीला एक बोट उघडायचं, दोन, चार, सहा, आठ, आणि थांबवून विचारायचं किती बोटं? चार. म्हणजे दोनच्या चार उड्या आठ, हेच "बे चोक आठ". आमच्याकडे पाढा पाठ करायला बसवायची वेळच आली नाही, बोटं बघून ती स्वतःच म्हणायला लागली. सध्या आमचं 20 वरून उलटं चाललंय, 20, 18, 16, त्यात 10 पाशी अजून अडखळते, मग परत बटणं काढतो आणि दोन-दोन करून उचलत जातो.