डिस्चार्ज समरीतला ‘नाही’ कसा पकडायचा

क्लिनिकल एनएलपीत, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरला वाचायला लावण्यात काम करायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणारे बहुतेक जण आधीच एखादं मोठं मॉडेल डाउनलोड करून बसलेले असतात. ते राहू द्या बाजूला. पहिला प्रोजेक्ट म्हणून एकच प्रश्न घ्या, नोटमध्ये (इथे डिस्चार्ज समरीत, म्हणजे घरी सोडताना डॉक्टर लिहितात त्या सारांशात) लिहिलेलं लक्षण या पेशंटला खरंच आहे का? डॉक्टर लोक जे नाहीये तेही तितक्याच मन लावून लिहितात, ताप नाही, उलटी नाही, छातीत दुखत नाही, आणि तुम्ही नुसता शब्द शोधलात तर तिन्ही गोष्टी त्या बिचाऱ्याला चिकटवून मोकळे व्हाल.

आधी डेटा. आपल्याकडे हॉस्पिटलचे केसपेपर रिसर्चला मिळवणं म्हणजे एथिक्स कमिटीपासून सगळं आलं, त्यात महिने जातात, म्हणून शिकण्यासाठी मिमिक नावाचा डेटा घ्या. बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस हॉस्पिटलचा हा डेटा फिजिओनेट या संशोधन-डेटाच्या साइटवर फुकट मिळतो, पण असाच नाही मिळत. आधी सिटीचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो (बँक नाही हो, माणसांवरच्या संशोधनाचे नियम शिकवणारा कोर्स), मग गाइडचा रेफरन्स द्यायचा आणि डेटा वापराचा करार करायचा. मिमिक-फोरच्या (चौथ्या आवृत्तीच्या) नोट्सचं वेगळं मॉड्यूल आहे, त्यात 3 लाख 31 हजारांच्या वर डिस्चार्ज समऱ्या आहेत, पहिल्या प्रोजेक्टला त्यातल्या 200 पण पुष्कळ झाल्या. आणि एक गोष्ट अजिबात करू नका, नोट कॉपी करून ऑनलाइन चॅटबॉटला "याचा अर्थ सांग" असं विचारू नका. नाव काढलेलं असलं तरी ते डेटा तिसऱ्याच्या हातात देणं होतं आणि करार मोडतो.

फाइल उघडली की नावांच्या जागी तीन अंडरस्कोर दिसतील, तारखा पुढे सरकवलेल्या असतात त्यामुळे पेशंट 2150 साली वगैरे ॲडमिट झालेला दिसतो, मला पहिल्यांदा वाटलं माझंच पार्सिंग (फाइल वाचणारा कोड) गंडलंय. तसं काही नाही, एकाच पेशंटच्या दोन तारखांमधलं अंतर बरोबर असतं, तेवढं वापरा.

आता कोड न लिहिता 50 समऱ्या वाचा. हो, पूर्ण वाचा, चहा घेऊन बसा. दहाव्या समरीपर्यंत कळतं की ही भाषा इंग्रजी दिसते पण इंग्रजी नाही. वाक्याला क्रियापद नाही, ओळ मध्येच तुटलेली, आणि शॉर्टफॉर्मचा सुळसुळाट. आरए म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस असू शकतं आणि "98% ऑन आरए" असेल तर ती साधी रूम एअर, म्हणजे बाहेरून ऑक्सिजन न लावता रक्तातला ऑक्सिजन 98%. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मायट्रल स्टेनोसिस, मॉर्फिन सल्फेट, नाहीतर नुसतं मेंटल स्टेटस. आपल्याकडचे डॉक्टर एनएडी लिहितात ते तपासणीत काही सापडलं नाही या अर्थाने, अमेरिकन नोटमध्ये तेच एनएडी बहुतेक वेळा पेशंट बघायला शांत आहे, त्रासात नाही असं सांगतं. त्यामुळे इथला डॉक्टर मित्र मदतीला घेतलात तरी त्यालाही विचारत राहा, "इथे याचा अर्थ काय घेतलास?"

वाचताना वहीत सेक्शन लिहून ठेवा. कुठल्या हेडिंगखाली शब्द आला यावर अर्धा निकाल लागतो. फॅमिली हिस्टरीतला डायबेटीस आईचा असतो, पास्ट हिस्टरीतला न्यूमोनिया जुना असतो, आणि सगळ्यात मोठा सापळा शेवटी असतो, घरी जाताना दिलेल्या सूचनांमध्ये: ताप आला, धाप लागली, रक्तस्राव झाला तर लगेच फोन करा. यातलं काहीही झालेलं नसतं! तो सेक्शन वेगळा काढला नाहीत तर तुमच्या सिस्टीमच्या हिशोबाने घरी जाणारा प्रत्येक जण तापाने फणफणलेला असतो.

मग मार्किंग. दोघांनी करायचं, एकमेकांचं न बघता, आणि आधी नियम लिहून. आहे, नाही, शंका आहे, पूर्वी होता, झालं तर, दुसऱ्या कोणाचा, एवढी लेबलं पुरतात. मग दोघांचं किती जुळलं ते बघायचं, पण नुसते टक्के बघू नका, कापा काढा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून उरतो तो आकडा. समजा दोघंही 100 पैकी 90 वेळा "आहे" म्हणता आणि तुमचं 90 ठिकाणी जुळलं, ऐकायला झकास, पण त्याच प्रमाणात डोळे मिटून लेबल लावली असती तरी 82 ठिकाणी जुळलं असतं, म्हणजे कापा निघतो फक्त 0.44. जिथे जुळलं नाही तिथे भांडा, नियम सुधारा, परत मार्क करा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते खरं संशोधन इथेच होतं, मॉडेल नंतर कोणीही चालवतं.

आता नियम. 2001 साली पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेगेक्स नावाची अगदी साधी पद्धत मांडली, ती अजूनही पहिली करून बघावी अशी आहे. नकाराच्या शब्दांची यादी करायची (नो, डिनाइज, विदाउट), तो शब्द दिसला की पुढच्या पाचेक शब्दांतली लक्षणं "नाही"मध्ये टाकायची, "बट" सारखा शब्द आला की थांबायचं. वर फसव्या नकारांची वेगळी यादी, "नो इन्क्रीज" म्हणजे वाढ नाही, आजार आहेच. डिस्चार्ज समऱ्यांवर तेव्हा याची प्रिसिजन ("नाही" म्हटलेल्यांतले किती खरंच नव्हते) 84.5% आणि रिकॉल (खऱ्या "नाही"पैकी किती पकडले) 77.8% आला होता, एवढ्याशा नियमांना वाईट नाही. पुढे याचीच कॉन्टेक्स्ट नावाची पद्धत झाली, त्यात पूर्वीचा, झालं तर, आणि दुसऱ्याचा हे पण पकडता येतं. पायथनमध्ये मेडस्पेसी ही लायब्ररी घ्या, सगळं तयार मिळतं, फक्त याद्या आपल्या नोट्स बघून वाढवा.

तरी अडकाल कुठे सांगतो. एक, "डिनाइज" नंतर आठ-दहा लक्षणांची माळ असते, पाच शब्दांची खिडकी तिसऱ्या-चौथ्यालाच संपते, तिथे स्वल्पविराम आहेत तोवर खिडकी वाढवा. दोन, तुटलेल्या ओळी आधी जोडून घ्या, नाहीतर "नो" एका ओळीत आणि "फीवर" दुसऱ्या. तीन, "रूल आउट एमआय" म्हणजे हार्ट अटॅकची शंका आहे, आणि "रूल्ड आउट फॉर एमआय" म्हणजे नाहीये. एवढ्याशा फरकाने अर्थ उलटतो.

टेस्टिंगसाठी काही नोट्स आधीच बाजूला ठेवायच्या असतात, ते भाग नोटप्रमाणे नाही, पेशंटप्रमाणे करा. आम्ही पहिल्यांदा नोटप्रमाणे केले, स्कोअर बघून पार्टीच ठरत होती, मग लक्षात आलं की एकाच पेशंटची मागच्या ॲडमिशनची हिस्टरी जशीच्या तशी पुढच्या समरीत पेस्ट केलेली असते, म्हणजे उत्तरपत्रिका आधीच फुटलेली. नीट भाग केल्यावर स्कोअर घसरला आणि पार्टी राहिली. हे सगळं झाल्यावर बर्ट (आधीच शिकवलेलं भाषेचं मॉडेल) खुशाल लावा, फक्त ते एका वेळी 512 टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) घेतं आणि समरी त्याहून खूप लांब असते, तेव्हा वाक्य किंवा सेक्शन तोडून द्या. नियमांपेक्षा ते नेमकं कुठे जिंकतं हे सेक्शनवार टेबलात मांडा.

आणि कोणी मराठीत हे करणार असेल तर नेगेक्सचं नुसतं भाषांतर करू नका. आपला "नाही" लक्षणानंतर येतो, म्हणजे खिडकी मागे बघायला हवी, हे सोपं झालं. अवघड पुढे आहे. "ताप नाही" म्हणजे नाही, पण "ताप उतरत नाही" म्हणजे चांगलाच आहे. "खोकला थांबत नाही" तेच. "भूक लागत नाही", "झोप येत नाही" यात तर नाही हाच आजार. तेव्हा लक्षणाच्या शब्दाबरोबर क्रियापद पण बघा: उतरणं, थांबणं, जाणं, कमी होणं यांना नाही लागला तर लक्षण चालू आहे, लागणं-येणं यांच्यासाठी वेगळी यादी करा, आणि यादी करायला घरातल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "डॉक्टरांना काय सांगणार?" म्हणून विचारा, अर्ध्या तासात वही भरेल.