पोलीस ठाण्यातून मुलाची माहिती पाठवताना या चुका टाळा

"सदर बालकास काळजी व संरक्षणाची गरज असून पुढील योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे." बाल संरक्षणाच्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की लिफाफा फोडायच्या आधीच ते डोळ्यांसमोर येतं. नाव, वय, पत्ता, हे वाक्य, खाली ठाण्याचा शिक्का.

असंच चार ओळींचं पत्र घेऊन एक हवालदार नऊ वर्षांच्या मुलीला बालकल्याण समितीसमोर घेऊन आले होते. बाहेर बाकावर बसल्यावर बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, आम्ही गेलो तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ. दंडावर तीन गोल डाग, एक अजून ओला." पत्रात का नाही लिहिलं, असं विचारलं तर म्हणाले, "ते तपासात येईलच की." तपास महिनाभर चालेल. मुलीला घरी पाठवायचं की बालगृहात, हे समितीला त्याच दुपारी ठरवायचं होतं. आणि भाऊ त्याच घरात राहिला होता. पत्रावरून तो आहे हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: डोळ्यांनी पाहिलेलं मनात ठेवायचं आणि कागदावर ठोकळेबाज वाक्य लिहायचं. दार कोणी उघडलं, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, अंगावर कुठे काय दिसलं, घरात आणखी कोणती मुलं आहेत, ज्याच्यावर संशय आहे तो घरी कधी येतो, हे लिहा. "आई निष्काळजी आहे" या शेऱ्याचा आम्हाला काही उपयोग होत नाही. "आई पहाटे सहाला कामावर जाते, रात्री नऊला परतते" यावरून मात्र मदत आखता येते. मुलाला समितीसमोर हजर करताना द्यायच्या अहवालाचा नमुना ठरलेला आहे, त्यातले रकाने "निरंक" लिहून भरू नका.

दुसरी चूक उशिराची. गुन्हा दाखल होऊ दे, वैद्यकीय अहवाल येऊ दे, मग कळवू. कायदा इतका वेळ देत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांनी 24 तासांच्या आत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. 2020 च्या नियमांत त्यासाठी 'नमुना ब' दिला आहे. संशयित त्याच घरात राहत असेल, तर मुलाला त्याच 24 तासांत समितीसमोर हजर करून कारणं लेखी द्यावी लागतात. अशा वेळी "नातेवाइकांच्या ताब्यात दिले" असं लिहून मोकळं होणं फार धोक्याचं, कारण नातेवाईक बहुतेकदा संशयिताच्याच बाजूचे असतात. शनिवार-रविवारची सबबही चालत नाही. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येतं.

बालविवाहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे हेतू चांगला असूनही पोरी हातातून निसटतात. मांडवात पोलीस पोहोचतात, लग्न थांबतं, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, फोटो निघतो, सगळे परततात. पुढे त्या मुलीचं काय होतं? ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर दिवाळीच्या आसपास ते कारखान्याच्या वाटेला लागलेलं असतं, आणि तिथे कुणाला त्या हमीपत्राची खबर नसते. लग्न लावून दिलं जाण्याचा धोका असलेली मुलगी कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे. तिला समितीसमोर न्या. कुटुंब कधी निघणार, मजुरांची टोळी नेणारा मुकादम कोण, कुठल्या कारखान्यावर जाणार, हे ग्रामसेवकाला विचारून पत्रात लिहा. मग तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवता येतं.

मुलाचा फोटो आणि नाव व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, मग त्यात सगळे "आपलेच" असले तरी. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. मुलाला तीच हकीकत ठाण्यात, मग आमच्याकडे, मग पुन्हा जबाबाला सांगायला लावू नका. पोक्सोत जबाब घेताना गणवेश नको, हेही लक्षात असू द्या.

चुका आमच्या बाजूनेही होतात. पत्र मिळालं की आम्ही पोच देतो आणि गप्प बसतो. मुलीला कुठे ठेवलं, समुपदेशन सुरू झालं का, हे ठाण्याला कळतच नाही, आणि पुढच्या वेळी तो हवालदार चारच ओळी लिहितो. मुंबईत 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या बरोबरीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसायला लागल्या. एका छताखाली बसलं की विचारायला पत्र लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असावेत अशी तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे शोधा आणि पत्राआधी त्यांना फोन करा. उत्तर मिळालं नाही तर बाल संरक्षण कक्ष आहे, मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे.

आणि बदली झाली की ठाण्यात मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा नंबर बदलतो. आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्या ठाण्यांची यादी चिकटवलेली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक नंबरवर फोन लावते, आणि दर वेळी निदान दोन नंबरांवर पलीकडून आवाज येतो, "मी आता तिथे नाही, मॅडम." मग नवा नंबर पेन्सिलीने लिहायचा.