मोत माउलीची गोष्ट बघायचीय? आधी खालच्या चर्चला जा

वांद्र्याला टेकडीवरच्या माउंट मेरीला, म्हणजे कोळ्यांच्या मोत माउलीला, जाणारे बहुतेक जण स्टेशनवरून रिक्षा पकडतात, थेट टेकडीवर, मेणबत्ती लावली, फोटो काढला, परत. तसं करू नका. निदान गोष्ट कळायला हवी असेल तर नकोच.

पहिल्यांदा हिल रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चला उतरा, १५७५ चं आहे. येशूचा शिष्य अँड्र्यू स्वतः मच्छीमार, आणि हे चर्चही कोळ्यांच्या वस्तीजवळचं. इथे नेव्हिगेटर्सची माता, म्हणजे दर्यावर्दींची आई, तिची मूर्ती विचारा. कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात मूर्ती सापडेल आणि ती खरंच लाटांवर तरंगताना सापडली ही जी दंतकथा आहे ना, ती ह्या मूर्तीची सांगतात, वरच्या नाही! मी स्वतः भाच्याला वरच्या बॅसिलिकात, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चमध्ये, उभा राहून ही गोष्ट रंगवून सांगत होतो, तर मागच्या बाकावरच्या एक मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, ती वेगळी."

आता वर चढा. वरची मूर्ती जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणलेली. १७०० साली अरब चाचे आले, तिच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याचीच समजून त्यांनी उजवा हातच तोडला. १७६० मध्ये चर्च पुन्हा बांधलं तेव्हा मोडकी मूर्ती बाजूला ठेवून खालची, स्वप्नातली मूर्ती वर बसवली, आणि म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकीत मिसळल्या. पुढे जुनी मूर्ती दुरुस्त होऊन परत आपल्या जागी आली. तेव्हा दर्शन घेताना नजर चेहऱ्यावरून जरा खाली, उजव्या हाताकडे आणा. आत्ताची इमारत मात्र १९०४ ची.

'मोत' म्हणजे मोती असं काही जण सांगतात, काही म्हणतात 'माउंट'चंच कोळी तोंडातलं रूप. मला दुसरं पटतं. माउली मात्र आपलीच.

बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळ, घर मिळतात. गुडघा दुखतोय तर पाय घ्या, जागा मिळत नाही तर घर (मुंबईत हेच जास्त खपत असणार).

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर असते. धमाल असते, पण तेव्हा मूर्तीसमोर दोन मिनिटं उभं राहायला मिळेल ही आशा ठेवू नका, हात बघायचा असेल तर साध्या वारी सकाळी जा.