अंगणातलं ‘जंगल क्रूझ’: आधी लोटगाडी, मग पडदा

मे महिन्यात भाचेकंपनी आली की रात्री त्यांचं करायचं काय, हा प्रश्न ज्या ज्या मामीला पडतो तिच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, चोपड्यात दुपारी पारा ४४-४५ला टेकतो, पोरं दिवसभर पंख्याखाली कोंडलेली असतात. रात्री अंगणात चादर बांधून सिनेमा आता सगळेच लावतात. पण ‘जंगल क्रूझ’ (२०२१) लावणार असाल तर तो नुसता लावू नका. आधी पोरांना नावेत बसवा.

कारण हा सिनेमा पुस्तकावरून नाही, एका राइडवरून आलाय. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड हे करमणुकीचं उद्यान उघडलं, तेव्हापासूनची ही राइड, म्हणजे नावेत बसून खोट्या जंगलातून मारायची फेरी. वॉल्ट डिस्नेला तिथे खरे प्राणी हवे होते, पण खरे प्राणी दिवसा झोपा काढतात, म्हणून यंत्राचे बसवले. नाव पाण्याखालच्या रुळावरून चालते आणि रूळ दिसू नये म्हणून पाण्याला मुद्दाम रंग देऊन ते गढूळ ठेवतात. हत्ती खोटे, पाणघोडे खोटे. खरा असतो तो फक्त नावाडी. आधी तो गंभीरपणे माहिती सांगायचा. साठच्या दशकात विनोद आले आणि लोक प्राण्यांपेक्षा त्याच्या बोलण्यासाठी रांगा लावायला लागले. सिनेमातला ड्वेन जॉन्सनचा फ्रँक हाच नावाडी आहे. हे पोरांना सांगून कळत नाही, नावेत बसून लगेच कळतं.

नावेसाठी भाजीवाल्याची लोटगाडी संध्याकाळपुरती मागून घ्या. चार कोपऱ्यांना बांबू, वर जुनं लुगडं, खाली गोधडी. एका वेळी चारच पोरं, पाय आत. ढकलायला एक मोठा भाचा, आणि एक जण मागून गाडी धरायला. उतारावर लोटगाडी ऐकत नाही. रस्ता अंगणातून गोठ्याच्या मागून वळून परत अंगणात, एवढा पुरे.

जंगल केळीचं करा. आपल्या भागात याला तोटा नाही, पण उभ्या बागेतली पानं तोडू नका. ज्या बागेत कापणी चालू असेल तिथे विचारा. घड उतरवला की झाड तसंही तोडतात, शेतकरी हवी तेवढी पानं देतो. चार वाजेनंतर आणा आणि देठ बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर सहापर्यंत माना टाकतात. प्रत्येक पान अंगणाबाहेरच झटकून घ्या; पोंग्यात, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, विंचू-किडा लपलेला असतो. आणि केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग कपडा फाटेपर्यंत राहतो, म्हणून पोरांना जुनेच कपडे घाला. पानं वाटेच्या दोन्ही बाजूंना इतकी जवळ लावा की ती नावेत बसलेल्यांच्या गालाला लागली पाहिजेत. मोकळी जागा ठेवली तर सगळी गंमत जाते.

प्राण्यांवर खर्च करू नका. पुठ्ठ्याला दोन भोकं, मागे पिवळा जिलेटिन कागद आणि बॅटरी: अंधारात तोच बिबट्या. हत्तीच्या सोंडेला रंगपंचमीची पिचकारी. फवारणीचा पंप मात्र कितीही धुतलेला असला तरी आणायचा नाही.

धबधबा हा माझा सगळ्यात आवडता भाग. ठिबकची जुनी नळी गच्चीच्या कठड्याला आडवी बांधायची आणि टाकीचा नळ सोडायचा. त्या नळीतून पूर्वी खत सोडलेलं असतं, म्हणून आधी दहा मिनिटं झाडांना पाणी देऊन ती धुऊन घ्या. खाली घमेली मांडा; उन्हाळ्यात पाणी वाया घालवायचं नाही, ते गुरांना जातं. बारीक धारांचा पडदा पडतो, मागून बल्ब लावला की प्रत्येक थेंब सुटा दिसतो. लोटगाडी त्या पडद्याच्या मागून न्यायची आणि नावाड्याने छाती फुगवून म्हणायचं, “मंडळी, जगातलं आठवं आश्चर्य! पाण्याची पाठ!” हा विनोद खुद्द राइडवरचा, वर्षानुवर्षं चालत आलेला, आणि सिनेमातही आहे. पडद्यावर तो आला की पोरं फ्रँकच्या आधी ओरडतात.

आता नावाडी. घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला हे काम देऊ नका. चेहऱ्यावरची रेषही न हलवता थापा मारणारा एक जण प्रत्येक घरात असतो, तो हेरा. आमच्याकडे ते काम धाकटे दीर करतात, आणि अहिराणीतच. “बठा रे भो, नाव निंघनी!” म्हटलं की पुण्याची भाचरंसुद्धा सावरून बसतात. थोडा मजकूर मी लिहून देते: “घाबरू नका, ही नाव बुडत नाही, हिला चाकं आहेत.” “डावीकडे बिबट्या, उजवीकडे आजोबा पेपर वाचताहेत. दोघांनाही हात लावू नका.” “हा हत्ती रोज आंघोळ करतो. तुमच्यातलं कोण कोण करतं?” विनोद झाला की थांबायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, पुढच्या वळणाकडे बोट दाखवायचं.

एक गोष्ट मी होऊ देत नाही. पानं अंगाला बांधून, तोंड रंगवून कुणी ‘जंगली माणूस’ व्हायचं नाही. त्या राइडमध्येही आदिवासींची अशी चित्रं होती. २०२१मध्ये ती काढून टाकली. सिनेमातही भीती घालणारी टोळी फ्रँकच्याच ओळखीची निघते, आणि तिची म्होरकी, ट्रेडर सॅम, बाई असते. आपल्याला तर सातपुडा इथून दिसतो. पावरा, भिल्ल, बारेला पोरं आपल्याच पोरांच्या वर्गात बसतात. त्यांच्यापैकी कुणी खेळायला येत असेल तर त्याला नावाड्याशेजारी बसवा आणि झाडांची नावं सांगू द्या. आपल्याला येत नाहीत तेवढी त्याला येतात.

सिनेमाची तयारी आदल्या रात्रीच करून पाहा. मोबाइलवरून प्रोजेक्टरला जोडलं की पुष्कळदा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. तेव्हा लॅपटॉप आणि वायर लागते. भाषेच्या यादीत हिंदी आहे ना तेही तेव्हाच बघा. चादर दुहेरी घ्या, खालच्या काठाला विटा बांधा, रात्री वारा सुटतो. लोटगाडी सातला, पडदा सव्वाआठला. सिनेमा १२७ मिनिटांचा आहे, म्हणून मध्ये एकदा थांबवून बिबडे (ज्वारीचे पापड) आणि शेंगदाणे द्या.

लहानांसाठी एक सांगून ठेवते. गोष्ट १९१६ची, ॲमेझॉनमधली. लिली नावाची बाई सगळे आजार बरे करणाऱ्या झाडाच्या पाकळ्या शोधत निघते. तिला आडवे येणाऱ्या शापित स्पॅनिश सैनिकांत एकाच्या अंगातून साप बाहेर पडतात. सहा-सात वर्षांच्या आतल्या पोराला मांडीवर घ्या आणि ते कॉम्प्युटरवर केलेले साप आहेत हे आधीच सांगा. फ्रँकची जॅग्वार, म्हणजे बिबट्यासारखी ठिपक्यांची मोठी मांजर, मात्र पाळलेली आहे, तिला बघून पोरं खूश होतात.

वीज गेली तर पडदा सोडा आणि नावाड्याला परत उभं करा. सकाळी पानं गुरांपुढे टाका, आणि लोटगाडी धुऊन सहाच्या आत परत करा. भाजीवाल्याला मंडई गाठायची असते.