क्रायस्लर बिल्डिंगचा मुकुट आणि शाईचा मोह

न्यूयॉर्कमधील क्रायस्लर बिल्डिंग पेन, शाई आणि जलरंगात काढायला घेणारा नवखा चित्रकार तिच्या ३१९ मीटर उंचीला घाबरतो. प्रत्यक्षात ७७ मजल्यांचे अंग तसे सोपे आहे: मधल्या भागातील खिडक्यांचे उभे पट्टे एका दमात ओढावेत, कोपऱ्यांवरील आडव्या रेघा सूचित कराव्यात आणि फिकट विटांसाठी कोरा कागद राखावा. खिडक्या मोजत बसणाऱ्याचे चित्र कधीच पूर्ण होत नाही. शाई जलाभेद्य हवी आणि कागद निदान ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) हवा, हे आपणास ठाऊक असेलच.

खरी परीक्षा माथ्यावरच्या मुकुटाची आहे, आणि तिथे माझा हात आजही आखडतो. वास्तुकार विल्यम व्हॅन अ‍ॅलन यांनी तिथे एकीमागून एक वर चढत जाणाऱ्या कमानी रचल्या, त्यांत त्रिकोणी खिडक्या बसवल्या आणि सर्व भाग निरोस्टा नावाच्या गंजरोधक पोलादाने मढवला. त्रिकोणांची ती नक्षी इतकी मोहक आहे की बारीक टोकाचे पेन हाती येताच प्रत्येक खिडकीची कड आणि पत्र्याचा प्रत्येक सांधा काढावासा वाटतो. तसे करू नका. ए-चार आकाराच्या कागदावर संपूर्ण इमारत बसवली, तर कमानींचा भाग जेमतेम दोन-तीन बोटे उंच येतो. तेवढ्या जागेत रेषा दाटल्या की त्यांच्यामधला कागद दिसेनासा होतो आणि इमारतीचा सर्वांत उजळ भाग सर्वांत काळा ठरतो. जलरंग पारदर्शक असल्याने शाईचा काळेपणा त्याखाली झाकला जात नाही, आणि वरून अपारदर्शक पांढरा लावला तर पोलादाऐवजी चुना फासल्यासारखे दिसते.

म्हणून अंगासाठी आधी शाई आणि मग रंग हा नेहमीचा क्रम ठेवावा, परंतु मुकुटापुरता तो उलटा करावा. पेन्सिलीने कमानींची हलकी आखणी करून उजेडाची बाजू कोरी सोडावी. सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांची पातळ करडी छटा द्यावी. चकाकत्या पोलादावर भोवतालचेच रंग उतरतात, म्हणून ती छटा ओली असतानाच आकाशाचा थोडा निळा तिच्यात मिसळू द्यावा. कागद पूर्ण वाळल्यावरच पेन उचलावे आणि सावलीकडील कमानींवर तुटक रेषा ओढाव्यात. त्रिकोण तर कुंचल्याच्या टोकाने, तेही निवडक, टिपले तरी पुरे. उरलेले पाहणाऱ्याची नजर भरून काढते.

मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग लागू नये म्हणून कागदावर लावून नंतर सोलून काढायच्या द्रवाने, पांढरे राखण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझ्या मते एवढ्या लहान आकारात त्याच्या कडा बोथट येतात आणि हात शिस्त शिकत नाही. छायाचित्र गिरवण्यास माझी हरकत नाही, मात्र रुंद भिंगाने खालून टिपलेले छायाचित्र उभ्या रेषांना अवास्तव झुकवते आणि मुकुट चेपून टाकते. शक्यतो दुरून घेतलेले निवडा. आणि जे शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःच रेष सुधारतात, त्यांच्यापासून सावध राहा, कारण ते चित्र सुधारते, विद्यार्थी नव्हे.

पहिले काही मुकुट काळवंडले तरी खचू नका. सुट्या तुकड्यांवर नुसत्या कमानींचा सराव केला की हात लवकर हलका होतो. मुंबईकरांना आर्ट डेको या क्रायस्लरच्याच वास्तुशैलीतील टप्प्याटप्प्याने मागे सरणाऱ्या आकारांची ओळख चर्चगेटसमोरच्या इरॉस चित्रपटगृहावरून करून घेता येईल, मात्र पोलादाची चमक तिथे मिळणार नाही.

आखणीची सुरुवात सुळक्याच्या टोकापासून करा. सुमारे ५६ मीटरचा हा सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जुळवून ऑक्टोबर १९२९ मध्ये वर चढवण्यात आला. कागदावर मात्र त्याची जागा आधीच राखावी लागते, अन्यथा तो वरच्या कडेला जाऊन टेकतो. शाईची रेष त्याच्या एकाच बाजूला, सावलीकडे द्यावी, आणि तीही टोकाला पोहोचण्यापूर्वी सोडून द्यावी.