कोल्ड एअर इनटेक बसवताय? मग या चुका टाळा

सध्या आपल्या इकडं बघावं त्या पोराच्या गाडीत बोनेटखाली कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनला थंड हवा द्यायला लावलेला लाल नाहीतर निळा कोनाच्या आकाराचा एअर फिल्टर दिसायलाय, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, गाडी लई उडायली". आवाज वाढतो हे खरंय. पिकअपचं मात्र फिल्टरच्या रंगावर नाही, तो हवा कुठून ओढतो त्याच्यावर ठरतं.

हिशोब साधा आहे. थंड हवा दाट असते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन जास्त बसतो, त्या मापानं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो आणि ताकद वाढते. ढोबळ मानानं हवा 3 अंशानं थंड झाली की घनता 1 टक्का वाढते. आणि हवा फारच तापली तर नॉकिंग (पेट्रोल वेळेआधीच आपोआप पेटून इंजिन ठोके मारणं) होऊ नये म्हणून ईसीयू इग्निशन टायमिंग मागं घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे मार दोन्हीकडून.

आता परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतं, आणि बोनेटखाली गाडी सिग्नलला उभी असताना 60-70 सहज. तिथं उघडा कोन लावला की तो तीच तापलेली हवा ओढणार, बंद खोलीत कूलर लावून बसल्यासारखं. नाव कोल्ड, काम गरम. ही सगळ्यात मोठी चूक, आणि लोक तीच सगळ्यात जास्त करायलेत.

तपासायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं छोटं यंत्र) मोबाईलला जोडा, इनटेक टेम्परेचरचा आकडा उघडा आणि समृद्धीवर नाहीतर बीड रोडवर दहा-पंधरा मिनिटं एका स्पीडनं चालवा. बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश जास्त असेल तर ठीकय, वीस-पंचवीसचा फरक पडायला लागला तर कोनला चारी बाजूनं बंद बॉक्स करा आणि समोरच्या जाळीमागून पाइप आणा. खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत कंपनीचा बॉक्स आधीच समोरून हवा घेतो, फक्त कुणीतरी काम करताना तो पुढचा छोटा पाइप काढून ठेवलेला असतो आणि परत बसवायचा राहून जातो. आधी तेवढं बघा, पैसे वाचतील.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची. मॅफ सेन्सरवाल्या (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) गाडीत सेन्सरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला पाइप ढिला राहिला तर न मोजलेली हवा आत जाते, आरपीएम खालीवर होतो, चेक इंजिनची लाईट लागते, स्कॅनरवर बहुतेक पी 0171 (हवा जास्त, पेट्रोल कमी) हा कोड येतो. पण मॅप सेन्सरवाल्या (हवा थेट न मोजता इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) गाडीत थ्रॉटलच्या (ॲक्सिलेटरनं उघडणारी हवेची झडप) अलीकडं, फिल्टरच्या बाजूला गळती असेल तर लाईट लागायची शक्यता कमी, आणि आपला मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा गपचूप आत जात राहतो, पिस्टनच्या रिंगा घासतात, मग गाडी ऑइल प्यायला लागली म्हणून बोंब. त्यामुळं पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला फडक्यावर तांबूस धूळ आली म्हणजे कुठंतरी फट आहे, नाहीतर फिल्टरच नीट गाळत नाही.

तेलवाला कॉटन फिल्टर असेल तर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि तेल बेतानं लावा, जास्तीचं तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं आणि गाडी मिसिंग मारते. ती तार साफ करायला मॅफचाच स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नको. माझं विचाराल तर कापसाच्या नाहीतर उसाच्या सीझनला शेतरस्त्यानं रोजचं जाणं-येणं असेल त्यानं साधा कागदी फिल्टरच ठेवावा आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदलावा.

पावसाळ्यात बंपरमागं खाली लावलेला फिल्टर लई धोक्याचा. पुलावरून पाणी चाललेलं असताना गाडी घातली, फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं, पाणी काही दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर परत स्टार्टर मारूच नका, टोचन करून आणा.

आणि टर्बो डिझेलवाल्यांनी तर यात पैसे घालायच्या आधी विचार करावा, तिथं टर्बोनं दाबून तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर (रेडिएटरसारखी जाळी) बसवलेलाच असतो. पिकअप गेलाय, काळा धूर येतोय, ॲक्सिलेटर दाबला की फुस्स आवाज येतोय, तर इंटरकूलरचा होज फाटला का ते आधी बघा, खालच्या बाजूला तेलकट डाग दिसला की तिथंच क्लॅम्प सुटलाय नाहीतर रबर चिरलंय.